शंभर इंची पडद्याची चहाडी: एका घरच्या प्रोजेक्टरचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर ओळखीतलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. वायरी, आकडे आणि माझ्या चुका मात्र जशा घडल्या तशाच ठेवल्या आहेत. घरात चौघं: काका, काकू, त्यांचा मुलगा आणि काकांची आई. वर्षानुवर्षं बाहेरच्या खोलीत ४० इंची टीव्ही होता आणि त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. काका निवृत्त झाले तेव्हा मुलाने हौसेने प्रोजेक्टर आणला. पडदा १०० इंची, म्हणजे सुमारे २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२४ सेंटिमीटर उंच. प्रोजेक्टर छताला, केबल भिंतीतल्या पाइपातून, सोफा पडद्यापासून ३.२ मीटरवर.

प्रोजेक्टर चांगला होता, हे आधीच सांगतो. 'फुल एचडी' असं ठळक छापलेले बरेच स्वस्त प्रोजेक्टर आतून ८००×४८० किंवा १२८०×७२० चेच असतात. १०८०पी, म्हणजे १०८० ओळींचा फुल एचडी सिग्नल ते घेतात, पण दाखवताना आवळून दाखवतात. म्हणून खोक्यावरचा 'सपोर्टेड' आकडा सोडून 'नेटिव्ह', म्हणजे आतल्या चिपचा स्वतःचा आकडा बघायचा असतो, आणि मुलाने तो बघितला होता. यातली डीएलपी चिप खरोखरीची १९२०×१०८० ची होती: ठिपक्यागणिक एक याप्रमाणे वीस लाखांहून जास्त सूक्ष्म आरसे.

जोडणी अशी: सेट-टॉप बॉक्स, स्ट्रीमिंग स्टिक आणि ब्लू-रे प्लेअर हे तिन्ही एका जुन्या एव्ही रिसीव्हरमध्ये (आवाज स्पीकरना देऊन चित्र पुढे पाठवणारा डबा), आणि तिथून १२ मीटरची एकच एचडीएमआय केबल भिंतीतून वर प्रोजेक्टरला. रिसीव्हर जुना असला तरी आवाज उत्तम. काकांचा त्याच्यावर जीव.

अडचण

"टीव्हीवर सगळं स्वच्छ होतं रे," काका फोनवर म्हणाले. "इथे चष्मा विसरून बसल्यासारखं वाटतं."

मुलगा दुकानात जाऊन आला होता. तिथे आधी 'तुमचं इंटरनेट स्लो असेल' आणि मग 'फोर-के प्रोजेक्टर घ्या, हा प्रश्नच राहणार नाही' असा सल्ला मिळाला होता. इंटरनेटचं दोन मिनिटांत निकालात निघालं. १०८०पी स्ट्रीमिंगला ५ एमबीपीएसच्या आसपास वेग पुरतो आणि स्टिकवरच मोजला तर तो ४० च्या वर होता. राहिला नवा प्रोजेक्टर. घरचे जवळपास त्या निर्णयावर आले होते, मला बोलावलं ते खरं तर कोणता घ्यावा हे विचारायला.

जाऊन बघितलं. चित्र मोठं, रंग ठीक, पण माणसांच्या केसांचा एकच गठ्ठा दिसत होता आणि श्रेयनामावलीतली बारीक अक्षरं लोकरीसारखी फुगली होती. बातम्यांच्या खालची पट्टी तर अर्धी पडद्याबाहेरच. बोलता बोलता काकू म्हणाल्या, "डिस्क लावली की जरा बरं दिसतं." त्या वेळी मी हे नुसतं ऐकून घेतलं. पुढचं अर्धं उत्तर त्याच वाक्यात होतं.

टीव्हीवर स्वच्छ का दिसत होतं?

कुठलीही वायर उपटण्याआधी मी कागदावर एक हिशेब मांडला, आणि सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडला तो हाच. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातले बारकावे वेगळे दिसतात. ४० इंची टीव्हीची उंची सुमारे ५० सेंटिमीटर. त्यावर साधं ५७६ ओळींचं, म्हणजे एचडी नसलेलं चित्र दाखवलं तर एक ओळ ०.८६ मिलिमीटरची होते. ती ओळ डोळ्याला सुटी दिसायची थांबते सुमारे ३ मीटरवर. सोफा होता ३.२ मीटरवर.

म्हणजे टीव्हीवर साधं चित्र आलं काय आणि एचडी आलं काय, त्या सोफ्यावरून फरक कळायची सोयच नव्हती. १०० इंची पडद्यावर तीच ५७६ ओळींची ओळ २.१६ मिलिमीटरची होते आणि ती विरायला साडेसात मीटर मागे जावं लागतं. ७२०पी ला सुमारे ६ मीटर, १०८०पी ला जेमतेम ४ मीटर.

काकांना मी म्हणालो, "काका, प्रोजेक्टरने चित्र बिघडवलेलं नाही. तुमच्याकडे एचडी कधी आलंच नव्हतं की काय, अशी शंका आहे. टीव्हीने ते झाकलं, पडद्याने चहाडी केली."

यावरून निर्णयाची पहिली जागा ठरली. नवा प्रोजेक्टर घ्यायचा की आहे त्या साखळीत चित्र कुठे बारीक होतंय ते शोधायचं? वाटेत कुठे ७२० ओळी होत असतील, तर फोर-के प्रोजेक्टर त्याच ७२० ओळी फुगवून दाखवणार. म्हणून आधी शोध, खरेदी नंतर. मुलगा थोडा हिरमुसला.

शोधात काय सापडलं

सेट-टॉप बॉक्सचं पाच मिनिटांत उलगडलं. त्याचं आउटपुट ५७६आय वर, म्हणजे साध्या ५७६ ओळींवर ठेवलेलं होतं ('आय' म्हणजे ओळी एकाआड एक पाठवणं, 'पी' म्हणजे सगळ्या एकदम). कधीकाळी तो पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीने जोडलेला होता. पुढे एचडीएमआय आली, सेटिंग तसंच राहिलं. एचडी चॅनेलचे पैसे भरले जात होते आणि बॉक्स इमानेइतबारे त्यांचं साधं चित्र करून पाठवत होता. १०८०आय केलं. तळाची पट्टी कापली जाण्याचं कारण ओव्हरस्कॅन: जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे लपवायची पद्धत होती, तिचा अवशेष. प्रोजेक्टरच्या मेनूत तो ५ टक्के होता. त्याने नुसती कड जात नाही, उरलेलं चित्र ताणलंही जातं. शून्यावर आणला.

स्ट्रीमिंग स्टिकने जास्त डोकं खाल्लं. तिचं सेटिंग 'ऑटो' वर आणि ती पाठवत होती ७२०पी. हाताने १०८०पी निवडायला गेलो, तर यादीत तो पर्यायच नाही. प्रोजेक्टर १०८०पी चा आणि स्टिकही १०८०पी ची, मग मध्ये कोण आडवं येतंय?

इथे ईडीआयडी समजून घ्यावं लागतं. एचडीएमआयने जोडलेलं पडद्याकडचं उपकरण स्वतःची माहिती देणारा एक छोटा तक्ता स्रोताकडे पाठवतं: मला कुठलं रिझोल्यूशन चालतं, किती हर्ट्झ, कुठला आवाज. तो प्रोजेक्टरचा बायोडाटाच म्हणा. स्रोत तो वाचतो आणि त्यातलं जमेल ते पाठवतो. पण मध्ये रिसीव्हर बसला की बायोडाटा त्याच्या हातून जातो, आणि मध्यस्थ त्यात स्वतःच्या अडचणी घालतो. एचडीएमआयचं पहिलं मानक डिसेंबर २००२ मधलं. हा रिसीव्हर त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतला. मानकात १०८०पी सुरुवातीपासून बसत होतं, पण त्या काळच्या बऱ्याच उपकरणांत ते उतरलेलं नव्हतं. याची मजल ७२०पी आणि १०८०आय पर्यंतच. स्टिकने त्यातलं ७२०पी उचललं. ब्लू-रे प्लेअर मात्र १०८०आय पाठवत होता. काकूंचं 'डिस्क जरा बरी' हे निरीक्षण तंतोतंत बरोबर होतं.

प्रोजेक्टरच्या रिमोटवरचं 'इन्फो' बटण या सगळ्यात कामी आलं, पण खरं सांगायचं तर ते फक्त शेवटच्या वायरीतून काय आलं तेवढंच दाखवतं. बॉक्सने ५७६ ओळी फुगवून १०८० करून पाठवल्या, तरी ते बिनदिक्कत १९२०×१०८० म्हणणार.

रिसीव्हरचं काय करायचं

नवा रिसीव्हर हा सरळ उपाय होता, पण काकांनी मान हलवली. स्टिक थेट प्रोजेक्टरच्या मागे खोचणं हा फुकटचा उपाय. मग आवाज खालच्या रिसीव्हरपर्यंत आणायचा कसा? ब्लूटूथने आणला तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. शिवाय बॉक्स आणि प्लेअरचा प्रश्न तसाच. मुलाच्या मित्राने 'फोर-के' लिहिलेला एक अँड्रॉइड बॉक्स देऊ केला होता. तो लावून बघितला, तर चित्रपटांचं ॲप साध्याच दर्जाचं चित्र देत होतं, कारण वाइडव्हाइन या चित्रांच्या डिजिटल कुलपाची त्या बॉक्सला एल-३, म्हणजे खालची पातळी होती. चोरी रोखण्यासाठी बरीच ॲप एल-१ नसलेल्या उपकरणाला एचडी देतच नाहीत, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. तो परत गेला.

निवडला तो मधला मार्ग: तीन इनपुटचा एचडीएमआय स्विच, ज्यात आवाज वेगळा काढायची सोय असते. चित्र स्विचमधून थेट प्रोजेक्टरला, आवाज ऑप्टिकल वायरीने जुन्या रिसीव्हरला. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटलचा ५.१ (पाच स्पीकर आणि एक वूफर असा) आवाज जातो. ब्लू-रेवरचे सर्वांत भारी, दर्जा जराही न गमावणारे ५.१ चे प्रकार जात नाहीत. काकांना ते सांगितलं. ते म्हणाले, "माझे कान आता तेवढे भारी राहिलेले नाहीत." स्विचच्या पाठीवर एक इवलीशी कळ होती, 'टीव्ही' आणि '५.१' अशी. ती 'टीव्ही' वर राहिली तर प्रोजेक्टरच्या एकुलत्या स्पीकरचा बायोडाटा पुढे जातो आणि मागचे स्पीकर गप्प बसतात. अशा कळा मॅन्युअलच्या कोपऱ्यात असतात आणि दुपार खातात.

चांदण्या

स्विच आला, जोडला, स्टिकच्या यादीत १०८०पी उगवलं. निवडलं. चित्र एकदम धारदार झालं आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या चांदण्या लुकलुकू लागल्या. मधूनच दोन सेकंद पडदा काळा.

मी स्विच खराब ठरवला. बदलून आणला. त्यावरही चांदण्या. काकू म्हणाल्या, "चांदण्यांपेक्षा धुकं बरं होतं." त्यांचं चुकत नव्हतं, आठवडाभर स्टिक ७२०पी वर ठेवून चाललो.

चूक माझी. त्या संध्याकाळी स्विच आणि रिझोल्यूशन या दोन गोष्टी मी एकदम बदलल्या आणि दोष नव्या पाहुण्यावर टाकला. ७२०पी आणि १०८०आय या दोन्ही सिग्नलला सेकंदाला सुमारे २.२ गिगाबिट लागतात. ६० हर्ट्झच्या १०८०पी ला त्याच्या दुप्पट, ४.४५ गिगाबिट. भिंतीतली १२ मीटरची केबल निम्म्या ओझ्यावर वर्षभर निभावत होती. पूर्ण ओझं पडलं आणि ती धापा टाकू लागली. रिसीव्हरचं दुखणं केबलचं दुखणं झाकत होतं.

बुधवारी संध्याकाळी स्टिक घेऊन शिडीवर चढलो आणि हातभर केबलने थेट प्रोजेक्टरला लावली. एकही चांदणी नाही. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. आणखी एक: डिजिटल केबल कमी पडली तर चित्र धूसर होत नाही, त्यात ठिपके उडतात किंवा ते जातंच. धूसरपणासाठी महागडी केबल विकत घेणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

भिंतीतून नवी केबल

बिनतारी जोडणीचा विचार केला आणि सोडला. क्रिकेट चालू असताना ती तुटली असती तर मला त्या घरात पुन्हा चहा मिळाला नसता. कॅट-६, म्हणजे नेटवर्कच्या वायरीवरून एचडीएमआय नेणारं एक्स्टेंडर चाललं असतं, पण वर आणि खाली दोन जादा डबे आणि त्यांचे अडॅप्टर. शेवटी ॲक्टिव्ह ऑप्टिकल एचडीएमआय ठरली: आत काचेचे तंतू, लांबीने सिग्नल खचत नाही, आणि उद्या फोर-के आलं तरी ओढलेली केबल फुकट जाणार नाही.

तिच्या दोन खोडी. एक म्हणजे तिला दिशा असते: एक टोक स्रोताचं, दुसरं पडद्याचं, उलटी ओढली तर सगळं पुन्हा बाहेर. म्हणून आधी जमिनीवर पसरून, दोन्हीकडे उपकरणं लावून तासभर चालवली आणि टोकांना रंगीत टेप गुंडाळली. दुसरी म्हणजे तिला काटकोनात मोडता येत नाही. भिंतीतल्या पाइपाला एक बेंड होता आणि नेहमीचं एचडीएमआयचं डोकं त्यातून जाईना. सुदैवाने डोकं सुटं होणारी केबल मिळते, आत बारीक मायक्रो पिन आणि वरून मोठं टोपण. जुन्या केबलच्या शेपटीला तिला बांधलं, मुलगा वरून जुनी ओढत गेला आणि मी खालून नवी सोडत गेलो. बेंडापाशी अडली तेव्हा दोघांनीही श्वास रोखला. एक हलका हिसका, आणि सरकली. १०८०पी, चांदण्या शून्य.

वाकडा प्रोजेक्टर

इथे थांबता आलं असतं. घरचे खूश होते. पण श्रेयनामावलीची अक्षरं मला अजूनही थोडी मऊ वाटत होती. मुलाने लॅपटॉपवर एक चित्र तयार केलं: १९२०×१०८० मध्ये एक ठिपका काळा, एक पांढरा, असा सगळा बुद्धिबळाचा पट. लॅपटॉप जोडला आणि पडद्याला नाक लागेल इतका जवळ गेलो. बारीक, खणखणीत चौकटी दिसायला हव्या होत्या. दिसत होते लाटांसारखे राखाडी पट्टे. काही जागी चौकटी, काही जागी नुसता चिखल.

कारण कीस्टोन. प्रोजेक्टर पडद्याच्या मध्यापासून ३५ सेंटिमीटर बाजूला लागला होता, कारण छतात खिळा धरणारी जागा तिथेच होती. आणि छत उंच म्हणून तो खाली झुकवलेला. चित्र तिरकं पडत होतं, ते मेनूतल्या कीस्टोनने 'सरळ' केलेलं. हे सरळ करणं भिंगात होत नाही, चिपवरच्या चित्राला मुद्दाम उलटं तिरकं करून होतं. त्यात काही आरसे वाया जातात, पण त्याचं दुःख कमी. खरा तोटा हा की चित्रातला एक ठिपका आता एका आरशावर बसत नाही. दोन-तीन आरशांत वाटला जातो. कीस्टोन शून्य केला, तर चौकटी कोरल्यासारख्या उमटल्या. चित्र मात्र चतकोर भाकरीसारखं वेडंवाकडं.

ही निर्णयाची सर्वांत अवघड जागा होती, कारण तोवरच्या कामात कुठेही नवं भोक पडलं नव्हतं. "छताला नवी भोकं पाडायची नाहीत," काकूंनी निक्षून सांगितलं. भिंगच सरकवायची सोय, म्हणजे लेन्स शिफ्ट, या मॉडेलला नव्हती. मुलगा म्हणाला आहे तसंच राहू दे, फरक कुणाला कळतोय. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं: खेळ आणि बातम्यांत कळत नव्हता.

तोडगा काकांनी काढला. "प्रोजेक्टर हलत नाही तर पडदा हलवा ना." मी इतका वेळ छताकडे बघत होतो आणि पडदा दोन हुकांवर लटकत होता! पडदा ३५ सेंटिमीटर सरकवला, सोफाही तेवढाच. झुकावासाठी त्याच प्लेटला लांब पाइप लावून प्रोजेक्टर खाली घेतला आणि पाणसळ ठेवून सपाट केला. अशा प्रोजेक्टरचं चित्र भिंगाच्या रेषेच्या एकाच बाजूला पडावं अशी त्याची रचनाच असते; उलटा टांगला की चित्र आपसूक खाली उतरतं. पडद्याच्या वरच्या कडेपासून भिंग किती वर हवं, तो आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. तेवढ्यावर टांगलं की तिरकं करावंच लागत नाही. शेवटी फोकस, तोही मधल्या चित्रावर नाही तर चारही कोपऱ्यांतल्या अक्षरांवर बघून.

वेगळं काय करता आलं असतं

बुद्धिबळाचा पट पहिल्या दिवशी, लॅपटॉपने, आखूड केबलने, शिडीवर चढून दाखवायला हवा होता. त्याने प्रोजेक्टर आणि कीस्टोनचा निकाल दहा मिनिटांत लागला असता आणि लांब केबल आपोआप वेगळी पडली असती. मी स्रोताकडून सुरुवात केली, कारण तिथे बसून काम करता येतं. तेवढंच कारण.

स्विच बदलून आणण्याची फेरी मुकाट्याने माझ्या खात्यावर.

बांधकामाच्या वेळी एक रिकामा पाइप आणि त्यात सुतळी ठेवली असती तर केबलचा रविवार वाचला असता. आणि प्रोजेक्टर टांगण्याआधी मॅन्युअलमधलं अंतराचं पान उघडलं असतं तर पडदा, सोफा, पाइप यातलं काहीच हललं नसतं. टांगणाऱ्या माणसाने ते उघडलं नव्हतं. त्याने कीस्टोन दाखवून 'सगळं ॲडजस्ट होतं' असं सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

सध्याची स्थिती

दोन रविवार आणि एक बुधवार गेला. स्टिक १०८०पी, प्लेअर १०८०पी, बॉक्स १०८०आय. नव्या प्रोजेक्टरचा विषय मुलगा आता काढत नाही. रिसीव्हर जागच्या जागी आहे.

एक तक्रार मात्र उरली. आजींचं रोजचं बातम्यांचं चॅनेल पडद्यावर अजूनही धूसरच. त्याची एचडी आवृत्ती बॉक्सवर नाही. मूळ चित्रच साधं येतं, तिथे माझ्या वायरी काय करणार? माळ्यावर टाकलेला ४० इंची टीव्ही काढून आजींच्या खोलीत लावला, पलंगापासून बरोबर तीन मीटरवर. गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. "बघ," म्हणाल्या, "तुमच्या त्या पडद्यापेक्षा इकडे किती स्वच्छ दिसतं."